खाते एकाचे, हिशेब सगळ्यांसमोर

एका कंपनीला पाच हजार डॉलर द्यायचे आहेत आणि ते घ्यायला कोणी नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात ही अडचण रोजची आहे. पाच-सहा प्रोग्रामर, एक बर्लिनला, एक पुण्यात, दोघे ब्राझीलमध्ये, वर्षानुवर्षे एक कोड सांभाळत असतात आणि तो कोड त्या कंपनीच्या प्रत्येक उत्पादनात बसलेला असतो. कंपनीची द्यायची इच्छा आहे, अंदाजपत्रकात तरतूदही झाली आहे. पण तिचा लेखा विभाग विचारतो : बिल कोणाच्या नावाने येणार? नोंदणी क्रमांक काय? करखात्याचा फॉर्म कुठे आहे? या पाच-सहा जणांची मिळून कुठलीच नोंदणीकृत संस्था नाही. त्यांच्या कामाचे नाव जगभर झाले आहे, कायद्याच्या दप्तरी मात्र ते कोणीच नाहीत.

अशा वेळी बहुतेक गट जवळचा मार्ग धरतात. एकाच्या वैयक्तिक खात्यावर पैसे घ्यायचे, आणि तो सांभाळील. यात फसवणुकीचा विचारही कोणाच्या मनात नसतो, तरी त्रास ठरलेला. रक्कम त्याच्या उत्पन्नात धरली जाते आणि कर त्याला भरावा लागतो. नोकरी बदलली, आजारपण आले, तो कामापासून दूर गेला, की पैसेही त्याच्याबरोबर दूर जातात. त्याचे बरेवाईट झाले तर खात्यावर वारसांचा हक्क. आणि यातले काहीच झाले नाही तरी दोन वर्षांनी कोणीतरी सहज विचारते, तेव्हा आलेल्या पैशांचे काय झाले? त्याच्याकडे दाखवायला बँकेचे स्टेटमेंट असते. त्यात घरचे वीजबिल, मुलाची फी आणि गटाच्या सर्व्हरचे भाडे एकाखाली एक लागलेले. निःस्वार्थीपणे काम केलेल्या माणसाच्या मागे कुजबुज सुरू होते ती इथून. पैसे बुडण्यापेक्षा मला हे नुकसान मोठे वाटते, कारण असा दुखावलेला माणूस पुन्हा कुठल्याच सार्वजनिक कामात खजिनदार व्हायला तयार होत नाही.

स्वतःची संस्था नोंदवता येते, पण घटना, संचालक मंडळ, दरवर्षीची विवरणपत्रे आणि लेखापरीक्षकाचे मानधन एवढे सगळे करून वर्षाला तीन-चार हजार डॉलर जमवणाऱ्या गटाच्या हाती काय उरणार? म्हणून अमेरिकेत एक तिसरी वाट रुळली. आधीच नोंदणी झालेली, बँक खाते आणि हिशेबनीस असलेली एक संस्था अशा अनेक गटांचे पैसे आपल्या खात्यात ठेवते, प्रत्येक गटाची शिल्लक वेगळी दाखवते, बिले देते, कर आणि कागदपत्रे सांभाळते आणि त्याबद्दल ठरावीक टक्के घेते. तिला फिस्कल होस्ट म्हणतात. आपण यजमान संस्था म्हणू.

ही व्यवस्था संगणकवाल्यांनी शोधलेली नाही. कलाकारांचे, वस्तीतल्या कार्यकर्त्यांचे उपक्रम अमेरिकेतल्या धर्मादाय संस्था पूर्वीपासून असे सांभाळत आल्या आहेत. ग्रेगरी कॉल्विन या वकिलाने १९९३ मध्ये हे कायदेशीर कसे करावे याच्या सहा पद्धती सांगणारे छोटे पुस्तक लिहिले, ते या क्षेत्रात अजून वापरतात. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये १९९७ साली न्यूयॉर्क राज्यात ‘सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट’ उभी राहिली, प्रामुख्याने डेबियन या संगणक प्रणालीसाठी. जगातले कितीतरी सर्व्हर डेबियनवर चालतात, पण डेबियन म्हणून कोणतीही कंपनी नाही. त्याचा पैसा आणि त्याचे व्यापारचिन्ह या संस्थेच्या नावावर आहे. २००६ मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी आली. २०१२ मध्ये नमफोकस, जिच्या छत्राखाली नमपाय, पांडाज हे प्रकल्प आहेत. डेटा सायन्स शिकणाऱ्या मराठी मुलामुलींना ही नावे पाठ असतील. २०१५ मध्ये पिया मॅन्सिनी, झेवियर डामान आणि असीम सूद यांनी ‘ओपन कलेक्टिव्ह’ नावाचे व्यासपीठ सुरू केले आणि त्यात एक मोठी गोष्ट घडली : यजमान संस्थेचे खातेपुस्तक, एकेका नोंदीसह, कोणालाही वाचता येऊ लागले.

पुढे जाण्याआधी एक कायदेशीर मुद्दा समजून घ्यायला हवा, कारण गटांचा गैरसमज होतो तो इथेच. यजमान संस्थेच्या खात्यात गेलेला पैसा कायद्याने तिचा होतो. गटाची शिल्लक म्हणजे त्या संस्थेने आपल्या पुस्तकात गटाच्या कामासाठी राखून ठेवलेली रक्कम. अमेरिकेच्या करखात्याने १९६८ च्या एका निर्णयात सांगून ठेवले आहे की धर्मादाय संस्थेला नोंदणी नसलेल्या गटाकडे पैसे देता येतील, पण विनियोगावरचा ताबा आणि विवेक तिने स्वतःकडे ठेवला पाहिजे. पैसा इकडून आला आणि तिकडे सोडला, असा नुसता पाइप होऊन तिला चालत नाही. त्यामुळे यजमान संस्था एखादा खर्च नाकारू शकते. नवख्या गटांना हा अपमान वाटतो. माझ्या मते संरक्षण तिथेच आहे, आणि ते कसे हे खर्चाच्या वाटेने गेल्यावर कळते.

आधी पैसे आत येताना पाहू. उदाहरणासाठी ओपन सोर्स कलेक्टिव्ह ही संस्था घेऊ. ती ओपन कलेक्टिव्हच्या व्यासपीठावर काम करते आणि दोन हजारांहून अधिक मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांची यजमान आहे. एखाद्याने प्रकल्पाच्या पानावर कार्डाने १०० डॉलर दिले. कार्डाचा व्यवहार करणारी स्ट्राइप कंपनी अमेरिकेतल्या तिच्या नेहमीच्या दराने २.९ टक्के आणि वर ३० सेंट घेते, म्हणजे ३ डॉलर २० सेंट. यजमान संस्थेचे १० टक्के, म्हणजे १० डॉलर. प्रकल्पाच्या शिलकीत जमा ८६ डॉलर ८० सेंट. ही वजावट पोटात घातलेली नसते : मूळ रक्कम, स्ट्राइपचा कट, यजमानाचा वाटा आणि उरलेला आकडा वेगवेगळे दिसतात. देणाऱ्याला नाव झाकता येते, पण रक्कम झाकता येत नाही.

दहा टक्के जास्त नाहीत का, हा प्रश्न नेहमी येतो. सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट पाच टक्क्यांत काम करते, तेव्हा प्रश्न रास्त आहे. पण टक्केवारीकडे पाहताना तिच्यात काय मिळते ते पाहावे : कंपन्यांना बिले देणे, त्यांचे विक्रेता-फॉर्म भरणे, पन्नास देशांतल्या माणसांना त्यांच्या चलनात पैसे पाठवणे, करखात्याची विवरणपत्रे, कधीमधी वकील. शिवाय ज्या महिन्यात काही आले नाही त्या महिन्यात काही द्यायचे नाही. छोट्या गटाला ठोक वार्षिक शुल्कापेक्षा टक्केवारी परवडते, हे मी ठामपणे म्हणेन.

आता पैसे बाहेर जाताना. समजा, पुण्यातली एक प्रोग्रामर या प्रकल्पाच्या चाचण्यांचा सर्व्हर सांभाळते. त्याचे महिन्याचे ३८ डॉलर तिने स्वतःच्या कार्डावरून भरले. शिवाय ठरल्याप्रमाणे वीस तास दुरुस्तीचे काम केले, ताशी ४० डॉलरने ८०० डॉलर. ती दोन वेगळे दावे टाकते. पहिला परतफेडीचा : त्याला सर्व्हर कंपनीची पावती जोडावीच लागते, पावतीवरची तारीख, रक्कम आणि चलन दाव्याशी जुळावे लागते. दुसरा कामाच्या बिलाचा : कोणत्या महिन्यात, कोणते काम, किती तास. ती अमेरिकेची करदाती नसल्याने तिच्याकडून डब्ल्यू-८बेन हा फॉर्म एकदा भरून घेतला जातो. बँकेचा खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड ती देते.

दावा आला की तो आधी प्रकल्पाच्या संचालकांपुढे जातो. त्यांना एकच गोष्ट ठरवायची असते : हे काम झाले का आणि ते आपण सांगितले होते का? त्यांच्यापैकी कोणीतरी मंजुरी देते. इथे एक सोय आहे, ती प्रत्येक गटाने पहिल्याच दिवशी चालू करावी : दावा टाकणाऱ्याला स्वतःचा दावा मंजूर करता येणार नाही, असा नियम व्यासपीठावर लावता येतो. दोनच संचालक असले तरी लावावा. दोन जिवलग मित्र असले तरी.

मंजुरी मिळाली म्हणून पैसे सुटत नाहीत. दावा आता यजमान संस्थेच्या माणसाकडे येतो, आणि त्याला प्रकल्पातले राजकारण, मैत्री, रुसवे काही ठाऊक नसते. तो कागद पाहतो. पावती खरी आहे का, रक्कम जुळते का, खर्च प्रकल्पाच्या उद्दिष्टात बसतो का, कराचा फॉर्म आला का, खातेदाराचे नाव आणि दावेदाराचे नाव एकच आहे का. काही कमी असेल तर दावा ‘अपूर्ण’ म्हणून परत जातो आणि काय हवे ते लिहिलेले असते. सगळे ठीक असेल तर पैसे वाइज किंवा पेपाल या सेवांमार्फत निघतात आणि पुण्यात रुपयांत जमा होतात. पाठवणीचा खर्च प्रकल्पाच्या शिलकीतून जातो.

आणि ज्या क्षणी पैसे जातात त्याच क्षणी सार्वजनिक खात्यात ओळ उमटते. कशासाठी, किती, कोणाला, कोणत्या तारखेला, मंजुरी कोणाची. पावतीची प्रत, घरचा पत्ता, बँकेचा तपशील आणि कराचा फॉर्म लोकांना दिसत नाहीत. हे सगळे दावेदार, संचालक आणि यजमान यांच्यापुरते राहते. ही सीमारेषा फार विचारपूर्वक आखलेली आहे. हिशेब उघडा ठेवायचा म्हणून कोणाच्या घराचा पत्ता उघडा पडू नये.

आता या सगळ्यात मला जे सर्वांत मोलाचे वाटते ते सांगतो. खर्च ठरवणारे हात आणि पैसे सोडणारे हात इथे वेगळे आहेत, आणि नोंद ही पैसे सोडण्याच्या क्रियेतूनच आपोआप तयार होते. आपल्याकडच्या बहुतेक सार्वजनिक कामांत उलटे असते. पैसे आधी खर्च होतात, पावत्या खजिनदाराच्या घरी पिशवीत साठतात, वार्षिक सभेच्या आदल्या रात्री तो बिचारा आठवून आठवून जमाखर्च लिहितो आणि सभेत तो ‘वाचला असे समजून’ मंजूर होतो. हिशेब खोटा नसतो, पण तो उशिरा येतो. उशिरा आलेल्या हिशेबाला प्रश्न विचारणे म्हणजे माणसावर संशय घेणे ठरते, म्हणून कोणी विचारत नाही. चालू खात्यातल्या कालच्या ओळीबद्दल विचारले तर कोणाला राग येत नाही.

उघड्या खात्याचा दुसरा उपयोग लोक विसरतात : किती कमी पैसे येतात तेही त्यातून कळते. २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएलमधला ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष उघडकीला आला. जगभरच्या बँका आणि दुकाने ज्या कोडवर आपले व्यवहार सुरक्षित मानत होती, त्या प्रकल्पाला देणग्यांतून वर्षाला साधारण दोन हजार डॉलर मिळत होते, हे जगाला त्या गोंधळानंतर कळले. याच्या शेजारी बेबल ठेवून पाहा. बेबल हा जावास्क्रिप्टचा कंपायलर, त्याचा हिशेब ओपन कलेक्टिव्हवर उघडा. मे २०२१ मध्ये त्याच्या चमूने जाहीरपणे लिहिले की लाखो लोक बेबल वापरतात, तरी आमचा निधी संपत चालला आहे. आवाहन तर अनेक जण करतात. पण इथे कोणीही खाते उघडून आवक आणि मानधन स्वतः पाहू शकत होते. मदत मागताना एवढा भक्कम पुरावा दुसरा नाही.

तरी या खात्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ८०० डॉलर गेले हे ओळ सांगते. वीस तासांचे काम ८०० डॉलरच्या तोलाचे झाले का, हे ती सांगत नाही. ते प्रकल्पातल्या जाणकारांनीच पाहायचे. शिवाय ओळीत ‘किरकोळ’ किंवा ‘सल्ला शुल्क’ एवढेच लिहिले असेल तर खाते उघडे असून बंद. ‘चाचणी सर्व्हर, मार्च, भाडे’ असे लिहायला दहा सेकंद जास्त लागतात. ज्या गटाच्या खात्यात ‘किरकोळ’ वाढू लागते, तिथे मन लावून वाचायला सुरुवात करावी.

सगळ्यात मोठा धोका मात्र गटाच्या हातात नसतो. यजमान संस्थाच बसली तर? पैसा कायद्याने तिचा आहे, हे वर आलेच. कॅलिफोर्नियातली इंटरनॅशनल ह्युमॅनिटीज सेंटर ही यजमान संस्था २०१२ च्या सुमारास कोसळली आणि तिच्या छत्राखालच्या छोट्या उपक्रमांचे जवळजवळ दहा लाख डॉलर गेले. त्या उपक्रमांनी काहीही चूक केली नव्हती.

२०२४ ची गोष्ट वेगळी आणि शिकण्यासारखी आहे. ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशन ही अमेरिकेतली धर्मादाय यजमान संस्था. करोनाच्या काळात शेजारपाजाऱ्यांच्या मदत गटांना तिचा मोठा आधार झाला होता. सहाशेहून अधिक गट तिच्याकडे होते. २०२४ च्या फेब्रुवारीअखेर तिने विसर्जन जाहीर केले. १५ मार्चनंतर नव्या देणग्या बंद, ३० सप्टेंबरपर्यंत शिल्लक खर्च करा किंवा दुसरीकडे हलवा, आणि ३१ डिसेंबरला संस्था संपली. पैसा बुडाला नाही, पण पंधरवड्यात आवक थांबणे हा छोट्या गटांना मोठा धक्का होता. ज्यांच्याकडे दुसऱ्या यजमानाचा विचार तयार होता ते सावरले. बाकीच्यांची ऐन कामाच्या दिवसांत धावपळ झाली. इथे नावांचा घोळ होतो म्हणून स्पष्ट करतो : ओपन कलेक्टिव्ह हे सॉफ्टवेअरचे व्यासपीठ, ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशन ही बंद झालेली धर्मादाय संस्था आणि ओपन सोर्स कलेक्टिव्ह ही चालू असलेली वेगळी संस्था. देणगीदाराच्या दृष्टीनेही फरक आहे. फाउंडेशनला दिलेल्या देणगीवर अमेरिकेत करसवलत मिळे. ओपन सोर्स कलेक्टिव्ह ही व्यावसायिक संघटनेच्या कलमाखाली नोंदलेली असल्याने तिथे ती मिळत नाही. कंपन्या तो खर्च व्यवसायाचा म्हणून दाखवतात.

म्हणून यजमान निवडताना प्रश्न विचारायचे ते आपल्या खर्चापेक्षा त्याच्या खर्चाबद्दल. गटांचा पैसा आणि संस्थेचा स्वतःचा चालू खर्च वेगवेगळा ठेवला जातो का? पगार भागवायला गटांच्या शिलकीला हात लावता येतो का? लेखापरीक्षण कोण करते, अहवाल बघायला मिळतो का? आणि बाहेर पडायचे झाल्यास किती दिवसांत, कोणाकडे, कोणत्या अटीवर शिल्लक हलवता येते? शेवटचा प्रश्न करारात लेखी हवा. तोंडी आश्वासन देणारी माणसे पुढे त्या जागी असतीलच असे नाही.

भारतात हे सगळे जसेच्या तसे उचलता येत नाही. विदेशी योगदान नियमन कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने, नोंदणीकृत संस्थेने मिळालेला विदेशी निधी दुसऱ्या कोणत्याही संस्थेला किंवा व्यक्तीला पुढे देण्यावर बंदी आली. असा निधी प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो आणि प्रशासनावरचा खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. त्यामुळे परदेशी देणग्या घेऊन इथल्या छोट्या गटांकडे सोपवणारी यजमान संस्था इथे उभी राहणे अवघड आहे. पुण्यातल्या त्या प्रोग्रामरचे ८०० डॉलर यात येत नाहीत; व्यवसायाच्या ओघात केलेल्या कामाचा मोबदला कायद्याने देणगीतून वगळला आहे. तो तिचे उत्पन्न, आणि त्यावर तिने कर भरायचा.

देशातल्या पैशासाठी मात्र महाराष्ट्रात जागा आहे, आणि तिचा वापर फार थोडा होतो. नोंदणी नसलेल्या मंडळाला उत्सवाची वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तालयाची कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. पण ती परवानगी एका प्रसंगापुरती. गावातल्या तलावाचा गाळ काढणारा गट, पाठ्यपुस्तके ध्वनिमुद्रित करणारी दहा माणसे, बोलीतल्या शब्दांचा कोश करणारे शिक्षक यांचे काम वर्षानुवर्षे चालते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालच्या ताळेबंदाचा जो नमुना अनुसूची आठमध्ये दिला आहे, त्यात मूळ निधीच्या खाली इतर निर्धारित निधींसाठी जागा आहे. म्हणजे नोंदणीकृत न्यासाच्या उद्दिष्टात बसणारे एखादे काम असेल, तर त्यासाठी वेगळा निर्धारित निधी उघडता येतो, त्याचे लेखापरीक्षण न्यासाच्या हिशेबाबरोबरच होते. न्यासाला प्राप्तिकरातली ८०जी म्हणून ओळखली जाणारी मान्यता असेल तर देणगीदाराला सवलतही मिळू शकते. विश्वस्तांची अंतिम जबाबदारी मात्र सुटत नाही, आणि सुटूही नये. मांडणी करताना सनदी लेखापालाला विचारावे.

माझी विनंती आहे ती आपल्याकडच्या जुन्या वाचनालयांना, शिक्षण संस्थांना, ग्रामविकासाच्या न्यासांना. तुमच्याकडे नोंदणी आहे, खाते आहे, लेखापरीक्षक आहे, आणि गावात तुमच्या शब्दाला मान आहे. आसपासच्या एका छोट्या गटासाठी एक निर्धारित निधी उघडा. खर्च सुचवणारे त्या गटातले आणि पैसे सोडणारे तुमचे, असे लेखी ठरवा. बाहेर पडायची अटही त्याच कागदावर लिहा. आणि त्या निधीचे पान, ओळीओळीने, दर महिन्याच्या पाच तारखेला सूचनाफलकावर लावा. त्यासाठी परदेशी व्यासपीठ लागत नाही, साधी स्प्रेडशीट पुरते. विश्वस्तांच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या.